भाड्याचा कॅमेरा, भावाचा कोट

त्या कॅमेऱ्याला झूम नव्हतं. हे भावाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी विचारलं, पैसे परत मिळतात का. मी म्हटलं, अजून घेतलेलाच नाही. तर म्हणाला, मग मिटला प्रश्न. आमच्या घरात प्रश्न असेच मिटतात. ज्याला तो पडलेलाच नसतो, तो मिटवून मोकळा होतो.

किंमत दीड लाखाच्या वर. मुठीत मावेल एवढी डबी, पुढे एकच भिंग आणि तेही न बदलता येणारं. जवळचं हवं असेल तर आपण चार पावलं पुढे जायचं, लांबचं हवं असेल तर मागे सरकायचं. परळच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी गेली पंचवीस वर्षं काम करते. तिथल्या मैत्रिणींना जेवणाच्या सुट्टीत हे सांगितलं, तर एकीने डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "एवढे पैसे मोजून चालायचं पण आपणच?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून मला तिचा रागच आला. हिने गेल्या वर्षी दीड महिन्याचा पगार घालून फ्रिज घेतला, ज्याच्या दारातून थंड पाणी येतं. तेव्हा मी विचारलं होतं का, ग्लास धरायला पण आपणच का?

खरं कारण मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. कारण होतं आमच्या भिंतीवरचा एक रिकामा खिळा.

चिंचपोकळीला चाळीत दुसऱ्या माळ्यावर आमचं घर. मी आणि बाबा, दोघंच. बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर वर दोन तसबिरी आहेत. एक बुद्धाची आणि दुसरी निळ्या कोटातली, जिच्यामुळे आमच्या घरात वही-पेन आलं. त्यांच्याखाली आईचा फोटो. आईच्या फोटोसाठी दोन वर्षांपूर्वी ड्रिल मशीन मागून आणलं, तेव्हा बाबा म्हणाले, मशीन आलंच आहे तर एकदाच दोन भोकं पाडून घे. दुसऱ्या भोकात त्यांनी स्वतः खिळा ठोकला आणि जरा मागे होऊन दोन्ही खिळे एका रेषेत आहेत ना ते पाहिलं. त्यांच्या मते यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र त्या खिळ्यावर दोन वर्षं काहीबाही अडकवत आले. कधी कॅलेंडर, कधी किल्ल्यांचा जुडगा. बाबा दरवेळी ते निमूट काढून ठेवायचे.

आईच्या फोटोबद्दल बोलायला लागले की माझं डोकं अजून फिरतं. ती गेली त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, पुण्यानुमोदनाला फोटो कुठला ठेवायचा? मी फोन उघडला. त्यात हजारो फोटो होते. लॅबमधल्या वाढदिवसांचे केक, कफ परेडच्या मच्छीमार नगरात काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यांचे तर पन्नासेक. आई नव्हती. म्हणजे होती, पण कुठे पाठमोरी, कुठे तोंडावर पदर, कुठे नुसता पसरलेला पंजा. मी फोन वर केला की ती हात आडवा करायची आणि म्हणायची, मला कशाला, आधी भाताकडे बघ. आणि मी भाताकडे बघायला जायचे. एकदा तरी हट्ट धरायचा, तर तोही धरला नाही.

शेवटी स्टुडिओवाल्याने एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिचा चेहरा मोठा करून काढला. मोठा करता करता नाक-डोळे पुसट झाले आणि तिच्या डाव्या खांद्यावर एक हात तसाच राहिला, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. कुणाचा, ते कुणालाच आठवत नाही. स्टुडिओवाला म्हणाला, हात काढला तर ताईंचा खांदा पण जाईल. मग हात ठेवला. रोज संध्याकाळी मी घरात शिरले की आधी तो परका चुडा दिसतो आणि मग आई. पंचवीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या पेशी मोजतेय, एक चुकू देत नाही, आणि घरातल्या माणसाचा धड एक चेहरा मला राखून ठेवता आला नाही.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. गेल्या थंडीत त्यांना दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी आल्यावर खाटेवर टेकत त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. "माझा फोटो काढून ठेव गो बाय. हिच्या वेळेसारखी तुझी धावपळ नको."

मी लगेच फोन काढला. मला वाटलं, हे काय, दोन मिनिटांचं काम. बाबांचा रंग काळा आहे, चांगला तकतकीत काळा, आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. फोनने दोन्ही गोष्टी स्वतःच्या मताने दुरुस्त केल्या. गालावरच्या सुरकुत्या गुळगुळीत केल्या आणि रंग तीन-चार हातांनी उजळला. सगळ्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या, तरी त्याची खोड जाईना. बाबांनी भिंग लावून तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "हा कोण? आमच्या गावच्या खोताचा मुलगा दिसतो." ज्या खोताच्या अंगणात त्यांच्या बापाला चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्याचा. आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसले. मला काही हसू आलं नाही. एक माणूस आयुष्यभर ज्या रंगाने जगला, तो रंग या दीडदमडीच्या यंत्राने विचारल्याशिवाय पुसून टाकावा, याचा मला संताप आला. तेव्हापासून मी कॅमेऱ्यामागे लागले.

मग सुरू झाली वणवण. फोर्टात कॅमेऱ्याची दुकानं आहेत त्या गल्लीत मी तीन शनिवार घातले. पहिल्या दुकानात तो कॅमेरा नव्हताच. नाव लिहून जा, म्हणाले, कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्या दुकानात होता, पण काचेच्या आत, आणि घेणार असाल तरच बाहेर काढू, असा खाक्या. तिसऱ्यात एकाने हातात दिला, पण बॅटरी घातलेली नव्हती. त्याने माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघून विचारलं, "मॅडम, मुलासाठी बघताय का?" मी म्हटलं, मुलगा नाही मला, वडील आहेत. त्यावर त्याने वडिलांसाठी सोपं पडेल असं दुसरं मॉडेल दाखवायला सुरुवात केली. इंटरनेटवरचे जाणकार तर त्याहून भारी. एक म्हणतो, याच्यासारखा कॅमेरा झाला नाही. दुसरा म्हणतो, निव्वळ लूट आहे, लोक गळ्यात मिरवायला घेतात. दोघेही तासभर बोलतात आणि दोघांनीही काढलेले असतात ते कॉफीच्या कपाचे फोटो. ब्याऐंशी वर्षांच्या काळ्या माणसाचा चेहरा त्यात कसा येईल, हे कुणी सांगत नाही.

आणि खरं सांगायचं, तर मला तो कॅमेरा हवाही होता. नुसता बाबांसाठी नव्हे. हातात घेतल्यावर त्याचा तो थंड, भरीव स्पर्श झाला आणि मला लाज वाटेल इतका तो आवडला. घरी आल्यावर मी बाबांना त्याचे गुण सांगत बसायचे. तुमच्या फोटोसाठी असाच लागेल, त्याशिवाय व्हायचं नाही, वगैरे. एकदा त्यांनी पेपर खाली घेतला आणि शांतपणे म्हणाले, "तुला हवा असेल तर घे. माझ्या नावावर घेऊ नको." मी इतकी चिडले की त्या दिवशी चहात साखर घालायची विसरले, आणि त्यांनीही तो तसाच प्यायला.

शेवटी लॅबमधल्या त्याच फ्रिजवाल्या मैत्रिणीने तोडगा काढला. दादरला एक जण कॅमेरे भाड्याने देतो. शनिवारी संध्याकाळी न्यायचा, सोमवारी सकाळी दहाच्या आत परत. पटलं तर आठवड्याच्या आत नवा मागवून देईन आणि भाडं त्यातून वळतं करीन, असंही तो म्हणाला. फोटो साठवायचं कार्ड तेवढं मी माझं विकत घेतलं आणि कॅमेरा पदराखाली लपवल्यासारखा पर्समध्ये धरून घरी आणला.

त्या संध्याकाळी मी बाबांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं. उजेड छान होता. बाबांनी सदऱ्याच्या बाह्या खाली केल्या, मनगटाची बटणं लावली, चष्मा काढून खिशात ठेवला, छाती पुढे काढली, हनुवटी किंचित वर केली आणि श्वास रोखून धरला. मी म्हटलं, बाबा, साधे बसा. म्हणाले, साधाच बसलोय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाने आयुष्यात हौसेखातर फोटो काढलेला नाही. फोटो निघाले ते कागदाला चिकटवायला. गिरणीच्या गेटपासावर, रेशनकार्डावर, संप फिसकटल्यावर दारोदार दिलेल्या नोकरीच्या अर्जांवर. गिरणी कामगारांच्या घरांसाठी फॉर्म भरले त्यांवर तर तीनदा, आणि सोडतीत नाव एकदाही लागलं नाही. दरवर्षी हयातीच्या दाखल्याला. फोटो म्हणजे पलीकडे टेबलाशी एक साहेब बसलेला आहे आणि त्याने तो बघून ठरवायचंय, आत सोडायचं की नाही. चष्म्यावर चकाकी येते म्हणून कुठल्यातरी स्टुडिओवाल्याने पन्नास वर्षांपूर्वी तो काढायला सांगितला होता. तेव्हापासून फोटो म्हटलं की चष्मा खिशात.

मी गप्पा मारून पाहिल्या. गिरणीच्या आठवणी काढल्या, भावाच्या नकला करून दाखवल्या. कॅमेरा खाली असला की बाबा हसायचे. तो वर गेला की त्यांचा गेटपास व्हायचा. अंधार पडेपर्यंत मी शंभरावर फोटो काढले आणि शंभर वेळा तोच एक चेहरा निघाला. कानाच्या पाळीवरचा केसही वेगळा दिसत होता, रंग अस्सल होता, पैसे कुठे गेले ते दिसत होतं, आणि माझे बाबा त्यात नव्हते. वैतागून मी कॅमेरा कपाटात ठेवला. जेवताना आम्ही दोघं बोललो नाही. ते आपलं काहीतरी चुकलंय असं समजून, आणि मी त्यांना तसं समजू देऊन.

रविवारी सकाळी मी दूध घेऊन वर आले तर बाबा गॅलरीत उकिडवे बसले होते. अंगात गंजी, मांडीवर पांढरा सदरा, शेजारी सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण तुटलं होतं, ते लावायची खटपट चालली होती. सुई उजेडाकडे वर धरलेली, दुसऱ्या हातात काळा दोरा, मान मागे, तोंड अर्धवट उघडं, चष्मा कपाळावर. दोऱ्याचं टोक दरवेळी नेढ्याच्या बाजूने निसटत होतं. ते टोक पुन्हा ओठांत घेऊन ओलं करत होते, पुन्हा नेम धरत होते. बाबा गिरणीत वाइंडिंगला होते. वीसेक वर्षं त्यांनी तुटलेला दोरा धरून गाठ मारण्याचं काम केलं, इतक्या झपाट्याने की बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत. तीच बोटं आता एका सुईशी झगडत होती आणि हरायला तयार नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली, आत जाऊन कॅमेरा आणला आणि चार पावलं पुढे गेले. झूम नव्हतं ना. त्याचा आवाजही होत नव्हता. मी एकच फोटो काढला आणि तो काढतानाच मला कळलं की जन्मात एवढा चांगला फोटो मी काढलेला नाही आणि पुन्हा काढणारही नाही.

माझ्या अंगात वारं भरलं. दादरवाल्याने दिलेल्या पिशवीत एक केबल होती, ती टीव्हीला लावली. बाबांना छोट्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून त्यांना खाटेवर बसवलं आणि तो फोटो भिंतभर दाखवला. मी बोलतच सुटले. बघा, तुमच्या बोटांवरचे व्रण दिसताहेत, बघा, दोऱ्याला लागलेली थुंकीसुद्धा चमकतेय, बघा, हा खरा तुमचा रंग. दीड लाख गेले तरी चालतील, असं मी तेव्हा मोठ्याने बोललेही. रविवारची सकाळ, चाळीत सगळी दारं उघडी. शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "किती थकलेत हो." आणि आपण काय बोललो हे कळून वाटी ठेवून निघून गेल्या.

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, वरच्या निळ्या कोटाकडे आणि खालच्या खिळ्याकडे.

"हा लावणार तू? त्या कोटाच्या खाली मी गंजीवर बसू?"

मी वाद घातला. हा माझा स्वभाव आहे आणि तो मला कधी फळला नाही. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही, हा खरा फोटो आहे. कालचे सगळे खोटे होते, श्वास कोंडलेले. तुम्ही कष्टाचं जगलात, त्याची लाज कसली. सुरकुत्यांची लाज कसली. वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी मी बोलत होते, आणि समोरचा माणूस गंजीच्या खांद्यावरचं भोक बोटाने झाकत होता, स्वतःच्या अंगावरचं नाही, टीव्हीतलं. पुढे वाकून, पडद्यावर बोट ठेवून.

"मी तयार होत होतो गो," ते म्हणाले. "तुझ्या फोटोसाठीच बटण लावत होतो."

मला राग आला होता तो आता कुणावर काढावा हे कळेना. मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. आईला मी कधी तयार हो म्हटलं नाही, कारण मला घाई होती. बाबा तयार होत होते, तर मी त्यांना तयार होताना पकडलं. आणि वर मलाच अक्कल असल्यासारखी त्यांना खरंखोटं शिकवत होते.

दुपारी मी पलंगाखालची ट्रंक ओढली. भावाचा लग्नातला सूट त्यात होता, गडद निळा. लग्नानंतर तो बदलापूरला राहायला गेला तेव्हा, तिकडे जागा नाही आणि घालायचा तरी कुठे, म्हणून इथेच ठेवून गेला. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता. तो मी गॅलरीत झटकला, इस्त्री केली आणि काही न बोलता बाबांच्या पुढ्यात धरला. त्यांनी कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी जाऊन दाढी केली.

कोट त्यांना दोन माणसांचा होत होता. आजारपणाने खांदे उतरलेत. बाह्या मी आत दुमडून टाचण्या लावल्या आणि पाठीमागे कापड घडी घालून दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावले. सात लागले. पुढून बघावं तर शिवून घेतल्यासारखा बसला होता आणि मागून बघावं तर वाळत घातलेला. त्यांना आरशापुढे उभं केलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, शाळेत कारकुनाची जागा निघाली होती, तेव्हा मुलाखतीला म्हणून असा कोट शेजाऱ्याकडे मागितला होता. त्याने दिला नाही. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण पुढे गिरणी झाली हे मला ठाऊक होतं.

गॅलरीत खुर्चीवर ते बसले. पाठ टेकायची नाही, चिमटे टोचतात. चष्मा काढून खिशात ठेवला. छाती पुढे, हनुवटी वर, श्वास रोखलेला. तोच गेटपासाचा चेहरा. पण या वेळी मी त्यांना साधे बसा म्हटलं नाही. त्या चेहऱ्याने त्यांनी पन्नास वर्षं साहेबांना तोंड दिलं होतं, आणि आज समोर साहेब नव्हता. मी बटण दाबलं आणि सांगितलं, झालं बाबा, सोडा श्वास.

चिमटे काढत होते तेव्हा त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "तो सकाळचा काढून टाक."

मी म्हटलं, भिंतीवर नाही लावणार, फक्त माझ्याकडे ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. शपथ घेतली. मी आजवर कशासाठी इतकी गयावया केली नसेल.

"लोकांना तोच आवडेल," ते म्हणाले. "मी गेल्यावर तोच लावतील. तेव्हा मी सांगायला नसेन."

लोक म्हणजे कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी बसून कॅमेरा उघडला. तो फोटो पडद्यावर आणला. सुई, दोरा, उघडं तोंड. काढून टाकायचा का, असं कॅमेऱ्याने विचारलं. हा शहाणा एवढं विचारतो तरी, फोन तेही विचारत नाही. मी हो दाबलं. बाबा पडद्यात बघत होते. त्यांना तेवढं दिसत नसणार, तरी बघत होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि दोन्ही मी त्यांच्यापासून लपवलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण मत बदललं नाही.

सोमवारी सकाळी दादरला कॅमेरा परत केला. कसा वाटला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, किमतीला पुरून उरेल असा आहे. मग नवा मागवू का, म्हणाला. मी नको म्हटलं. तो गोंधळला. गंमत आहे, गेले दोन महिने सगळं जग मला सांगत होतं की हा पैसे घालवण्यासारखा नाही, आणि आता एक जण पैसे घ्यायला बसला होता तर मीच नाही म्हणत होते. त्याला कसं सांगणार, की हा घरात असेल तर मी रोज बाबांवर टपून बसेन. चाळीत कुणी दार वाजवून आत येत नाही हे खरं, पण येताना निदान बाहेरून हाक तरी मारतात.

संध्याकाळी लालबागला त्याच स्टुडिओत कार्ड घेऊन गेले, जिथे आईचा फोटो केला होता. त्याने बाबांचा फोटो संगणकावर उघडला, ओळख ठेवून मान डोलावली आणि विचारलं, काकांना थोडं उजळ करू? मी म्हटलं, हात लावायचा नाही. मग सुरकुत्या? म्हटलं, नाही. तो फोटो मोठा करत गेला, बाह्या, खांदे, कॉलर. चिमट्यांचा मागमूस नव्हता. गळ्याजवळ पोचल्यावर तो थांबला. "हे एवढं तरी करू द्या ताई, वाईट दिसतं."

पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सगळ्यात वरचं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. कोटाच्या निळ्या कडांमध्ये ते सरळ दिसत होतं. टाके आडवेतिडवे, एक तर बटणाच्या बाहेरून गेलेला. फोनमध्ये ते आलंही नसतं. मी त्या बटणाकडे बघत उभी राहिले आणि काल सकाळची गॅलरी, उकिडवे बाबा आणि सुई, सगळं जागच्या जागी होतं. स्टुडिओवाल्याला मी सांगितलं, दोऱ्याला तर मुळीच हात लावायचा नाही.

चौकट घेऊन घरी आले. बाबांनी ती उजेडात नेऊन, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून पाहिली. "आता बरोबर," म्हणाले. जित्या माणसाचा फोटो भिंतीवर नको असं काकूंचं म्हणणं. बाबा असलं काही मानत नाहीत, पण त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात आपल्या कागदांच्या फायलीखाली ठेवला. लागेल तेव्हा सापडला म्हणजे झालं. खिळा अजून रिकामा आहे. त्यावर मी आता काही अडकवत नाही.

जेवण झाल्यावर मला राहवेना. मी विचारलं, बाबा, डब्यात पांढरा दोरा नव्हता का? अख्खं रीळ होतं की.

"होता गो," ते म्हणाले. त्यांनी हात धुतले, टॉवेलने एक-एक बोट पुसलं. "पांढरा दोरा मला आता दिसत नाय."